वेलिंग्टनच्या छातीवरचा वरचा तारा

लंडनच्या नॅशनल गॅलरीत ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे एक व्यक्तिचित्र आहे. स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोया याने ते १८१२ मध्ये सुरू केले आणि १८१४ मध्ये त्यावर पुन्हा हात फिरवला. महोगनीच्या फळीवर तैलरंगात काढलेले हे चित्र उंचीला चौसष्ट सेंटिमीटर आणि रुंदीला बावन्न, म्हणजे जुन्या घरांत दिवाणखान्यात लावलेला आजोबांचा फोटो असतो, त्याहून थोडेसेच मोठे. या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. एका लहानशा चित्रावर आख्खे पुस्तक, आणि तेही मराठीत, कशासाठी, असे वाचकाला वाटणे साहजिक आहे. त्याचा खुलासा सुरुवातीलाच केलेला बरा.

चित्रातल्या माणसाच्या छातीवर डाव्या बाजूला तीन तारे आहेत. खालच्या दोघांपैकी एक पोर्तुगालच्या ‘टॉवर अँड स्वोर्ड’ या सन्मानाचा, दुसरा स्पेनच्या ‘सान फर्नांदो’चा. दोन्ही त्याला नेपोलियनच्या फौजांशी लढताना मिळाले. वरचा तारा ‘ऑर्डर ऑफ द बाथ’चा. खांद्यावरून उतरणारा गुलाबी पट्टाही त्याच मानाचा. हा मान त्याला १८०४ साली, हिंदुस्थानातल्या कामगिरीबद्दल मिळाला, आणि त्या कामगिरीतला मोठा वाटा मराठ्यांविरुद्धच्या १८०३ च्या मोहिमेचा होता. अहमदनगर, असई, अडगाव, गाविलगड ही ठिकाणे त्या एका ताऱ्यात आहेत. इंग्रजी पुस्तकांत वेलिंग्टनची गोष्ट वॉटर्लूपासून मागे मागे सांगतात. हे चित्र रंगवले तेव्हा वॉटर्लूची लढाई व्हायचीच होती. गोयासमोर येऊन बसला तो असईचा सेनापती होता, आणि असई आपल्या जालना जिल्ह्यात आहे.

आता चेहऱ्याकडे येऊ, कारण चित्र चेहऱ्यासाठीच पाहायचे असते. तारे मोजायला नंतर सवड असते. पार्श्वभूमी जवळजवळ काळी. डोके ताठ, केस कपाळावर अस्ताव्यस्त. डोळे मोठे, गरजेपेक्षा थोडे जास्तच उघडलेले, समोर रोखलेले. ओठ मात्र नीट मिटलेले नाहीत, वरचे दात दिसतात. सेनापतीच्या चित्रात दात दिसू द्यायचे नाहीत हा युरोपातल्या चित्रकारांचा अलिखित दंडक होता. मिटलेले ओठ म्हणजे निर्धार, असा सगळा मामला. गोयाने तो मोडला. त्यामुळे हा माणूस काहीतरी बोलता बोलता थांबला आहे, किंवा धाप लागून नुकताच बसला आहे, असे वाटत राहते. कपड्यांवरचे सोने, फिती, पदके ब्रशच्या जाड, भराभर मारलेल्या फटकाऱ्यांत उरकली आहेत. जवळ गेले तर ते नुसते रंगाचे गोळे दिसतात, दोन पावले मागे सरकले की झळकू लागतात. चेहऱ्याला मात्र चित्रकाराने वेळ दिला आहे.

त्या वेळी वेलिंग्टन त्रेचाळीस वर्षांचा होता. त्याच वर्षी जानेवारीत त्याने सिउदाद रोद्रिगो घेतले, ६ एप्रिलच्या रात्री बादाहोस. बादाहोसच्या वेढ्यात त्याची जवळजवळ पाच हजार माणसे मेली किंवा जखमी झाली. भिंतीच्या भगदाडापाशी पडलेला खच पाहून तो रडला, असे त्याच्याबरोबरच्यांनी लिहून ठेवले आहे. गावात शिरलेल्या त्याच्याच शिपायांनी पुढे काही दिवस लूट आणि अत्याचार केले आणि ते त्याला चटकन आवरता आले नाहीत. २२ जुलैला सालामांकाची लढाई जिंकून १२ ऑगस्टला तो माद्रिदमध्ये शिरला तेव्हा लोकांनी फुले उधळली. गोयाने त्याला पाहिले ते या गर्दीगोंधळात. ब्रिटिश म्युझियममध्ये गोयाने लाल खडूने काढलेले वेलिंग्टनचे एक रेखाटन आहे. त्यात गाल आणखी खोल गेलेले आणि नजर आणखी थकलेली आहे. माझ्या मते हे रेखाटन तैलचित्रापेक्षाही खरे आहे, पण ते कागदावरचे काम असल्याने क्वचितच बाहेर मांडले जाते.

गोया तेव्हा सहासष्ट वर्षांचा होता आणि जवळजवळ वीस वर्षांपासून ठार बहिरा. स्पेनच्या राजाचा दरबारी चित्रकार. फ्रेंचांनी नेपोलियनचा भाऊ जोसेफ याला गादीवर बसवले तेव्हा त्याच्याही दरबारी त्याने काम केले होते आणि त्याच्याकडून सन्मानही स्वीकारला होता. त्यामुळे इंग्रज माद्रिदमध्ये आल्यावर गोयाची स्थिती जरा अवघडच होती. याच काळात घरी बसून तो युद्धातल्या क्रौर्याची कोरीव चित्रे करत होता. फाशी दिलेले शेतकरी, झाडाला टांगलेली धडे, प्रेते ओढणाऱ्या बायका त्यांत आहेत. त्याच्या हयातीत ती प्रसिद्ध झाली नाहीत. दिवसा सेनापतींची चित्रे आणि आडून ही, असे त्याचे चालले होते. वेलिंग्टनच्या डोळ्यांत आपल्याला जे दिसते ते वेलिंग्टनचे किती आणि गोयाचे किती, हा प्रश्न मी दुसऱ्या प्रकरणात घेतला आहे.

गोयाने वेलिंग्टनचे एक मोठे अश्वारूढ चित्रही केले. ते लंडनमध्ये वेलिंग्टनच्याच घरी, ॲप्सली हाउसमध्ये आहे. त्याचे एक्स-रे काढल्यावर खाली दुसराच स्वार निघाला. तयार कॅनव्हास होता, घोडा होता, वरचा माणूस तेवढा बदलला. राज्ये इतक्या झपाट्याने बदलत असताना चित्रकाराने काटकसर केली, यात मला तरी वावगे वाटत नाही.

तसाच बदल आपल्या चित्रातही आहे, फक्त छातीपुरता. ऑगस्ट १८१२ मध्ये गोयाने त्या वेळची पदके रंगवली. त्यानंतर दोन वर्षांत वेलिंग्टनला स्पेनचा ‘गोल्डन फ्लीस’ मिळाला. गळ्यात लाल फितीला लटकलेला छोटा सोन्याचा मेंढा तोच. ब्रिटिश सरकारने लढायांबद्दल सुवर्ण क्रूस दिला. तो अर्ल होता, मार्क्विस झाला, १८१४ च्या मेमध्ये ड्यूक. त्याच सुमारास तो पुन्हा माद्रिदला आला, आणि गोयाने जुन्या पदकांवर रंग चढवून नवी काढली. सरकारी माणसाच्या चित्राचे हे असेच असते, बढती झाली की चित्राचीही बढती करायची. पण चेहरा गोयाने तसाच ठेवला. छाती १८१४ ची आहे आणि तोंड १८१२ च्या उन्हाळ्यातले. हे एकदा कळले की चित्रातला बेबनाव लपत नाही.

या सगळ्या बदलांतून बाथचा तारा मात्र जागचा हलला नाही. तो मिळाल्याला तेव्हा दहा वर्षे होत आली होती. तो ज्या मोहिमेचा आहे तिची हकीगत मराठी वाचकाला ओळखीची आहे, पण ती आपण बहुधा दुसऱ्या बाजीरावाच्या किंवा दौलतराव शिंद्यांच्या बाजूने वाचलेली असते. इथे ती या एका माणसाच्या मागे चालत पाहू.

आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा वेलिंग्टन, १७९७ मध्ये कलकत्त्याला उतरला तेव्हा सत्तावीस वर्षांचा कर्नल होता. पुढच्याच वर्षी त्याचा मोठा भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल म्हणून आला. भावाच्या वशिल्याचा त्याला फायदा झाला हे खरेच आहे, आणि त्याच्या काळातल्या लोकांनी ते तोंडावर बोलूनही दाखवले. टिपूच्या पाडावानंतर १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणचा कारभार त्याच्या हाती आला. सरकारी अधिकारी म्हणून त्याचे खरे शिक्षण तिथे झाले. त्या काळातली त्याची पत्रे वाचायला बसले तर लढायांपेक्षा बैल, तांदूळ, गोण्या आणि भाडे यांचीच कटकट जास्त. दख्खनच्या दुष्काळी मुलखात फौज चालवायची तर धान्य बरोबर नेले पाहिजे, धान्य न्यायला बैल पाहिजेत, आणि बैल मेले की मोहीम संपली, हे त्याने पक्के ओळखले होते. लमाणांच्या तांड्यांना वेळच्या वेळी पैसे चुकते करणे आणि वाटेतल्या गावांतून लूट न करता विकत घेणे, या दोन नियमांवर त्याने सगळे चालवले. पुढे स्पेनमध्ये फ्रेंच फौजा मुलूख ओरबाडून खात होत्या आणि उपाशीही मरत होत्या, तेव्हा इंग्रजांची रसद खेचरांवरून येत होती. हे शहाणपण त्याने म्हैसूर ते पुणे या वाटेवर गोळा केलेले होते.

१८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ शिंदे-पेशव्यांचा पराभव केला, बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला त्याने वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. त्याला पुन्हा पुण्यात बसवण्याचे काम वेलस्लीकडे आले. बाजीरावाचा भाऊ अमृतराव पुणे जाळणार अशी वार्ता वाटेत लागताच त्याने पायदळ मागे ठेवले, घोडदळ घेऊन दौड मारली आणि २० एप्रिल १८०३ रोजी पुणे गाठले. पुणे जळायचे वाचले. पेशवाई वाचली असे म्हणता येत नाही, पण ती चर्चा वेगळी.

शिंदे आणि नागपूरकर भोसले यांनी वसईचा तह मानला नाही. ८ ऑगस्टला वेलस्लीने अहमदनगरची पेठ शिड्या लावून सर केली, चार दिवसांनी किल्ला ताब्यात आला. पुढे २३ सप्टेंबरला असई. केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्टीत शिंदे-भोसल्यांचा तळ पसरलेला होता. वाटाडे म्हणाले, पुढे नदीला उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले तर दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. त्याने हिशेब केला की दोन गावे इतकी समोरासमोर वसतात ती मधून जाण्या-येण्याची वाट असल्याशिवाय नाही. माणूस पाठवून खात्री केली, उतार होता. त्या उताराने तो पलीकडे गेला. नदी ओलांडताना तोफेच्या गोळ्याने त्याच्या शेजारच्या घोडेस्वाराचे डोके उडाले.

इथवर सगळे त्याच्या अक्कलहुशारीने झाले. पुढचा भाग त्याच्या अपेक्षेबाहेर गेला. तो बगलेवर आल्याचे पाहताच शिंद्यांच्या कवायती पलटणींनी, ज्या महादजींच्या काळी दब्वाँने घडवल्या होत्या आणि आता पोलमन नावाच्या हॅनोव्हरकडच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली होत्या, मोर्चा फिरवून नवी फळी धरली. शंभराच्या आसपास तोफा होत्या. गोलंदाज जागचे हलले नाहीत. इंग्रजांची रांग तोफांवरून पुढे गेल्यावर, मेल्यासारखे पडून राहिलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा उलट्या फिरवून मागून मारा केला. वेलस्लीचा एक घोडा मारला गेला, दुसऱ्याला भाल्याची जखम झाली. संध्याकाळपर्यंत मैदान त्याच्याकडे आले, शिंद्यांच्या अठ्ठ्याण्णव तोफाही आल्या. पण त्याच्या लहानशा फौजेतली पंधराशेहून जास्त माणसे मेली किंवा जखमी झाली. शिंद्यांच्या पायदळाचे कौतुक त्याने पुढे पत्रांत मोकळेपणाने केले. म्हातारपणी, तुम्ही केलेली सर्वांत चांगली लढाई कोणती, असे कुणीतरी विचारल्यावर त्याने एका शब्दात उत्तर दिले, ‘असई’, असे सांगतात.

एक गोष्ट आपल्या इतिहासात झटकन मागे टाकली जाते म्हणून इथे नोंदवतो. असईला वेलस्लीबरोबर लढलेल्या फौजेत मोठा भाग मद्रासकडच्या तमिळ-तेलुगू शिपायांचा होता, आणि शत्रूच्या घोडदळावर नजर ठेवायला नदीच्या अलीकडे ठेवलेल्या स्वारांत म्हैसूरकरांबरोबर खुद्द पेशव्यांचे मराठेही होते. म्हणजे असईला मराठे दोन्ही काठांवर होते. तारा एकाच्या छातीवर गेला.

२९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड. देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह डिसेंबर सरायच्या आत झाले. त्याच्या हाताखालच्या दख्खनमधल्या अधिकाऱ्यांनी वर्गणी काढून त्याला सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या भांड्यांचा सरंजाम दिला. तो ‘डेक्कन सर्व्हिस’ या नावाने आज ॲप्सली हाउसमध्ये मांडलेला आहे. साध्या शिपायांना या मोहिमेचे पदक मिळायला १८५१ साल उजाडले. तोवर जे जिवंत राहिले त्यांनाच ते मिळाले.

वेलस्लीचे हिंदुस्थानातले चित्रही आहे, रॉबर्ट होमने १८०४ मध्ये काढलेले, लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत. होम चांगला कसबी चित्रकार होता. त्याने साहेब काढला. पुण्यात दहा-बारा वर्षांपूर्वी जेम्स वेल्सने सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची तैलचित्रे काढली होती, ती मराठी वाचकांनी निदान छापलेली तरी पाहिलेली असतात. वेल्सच्या नानांत आणि होमच्या वेलस्लीत एक साम्य आहे. दोघांचाही हुद्दा आधी दिसतो, माणूस मागून येतो. थॉमस लॉरेन्सने वॉटर्लूच्या सुमारास काढलेला वेलिंग्टन तर नुसता हुद्दाच आहे, हाताची घडी, करारी हनुवटी, मागे आकाश. गोयाच्या चित्रात हा क्रम उलटला आहे, म्हणून पुस्तक त्याच्यावर आहे.

चित्राची चोरी हा भाग टाळता येणार नाही, कारण बऱ्याच जणांना हे चित्र त्यामुळेच माहीत असते. १९६१ मध्ये ते लिलावात निघाले. एका अमेरिकन संग्राहकाने १,४०,००० पौंडांना घेतले. देशाचा ठेवा बाहेर जातो म्हणून गदारोळ झाला, वुल्फसन फाउंडेशनने एक लाख आणि सरकारने चाळीस हजार घालून ते राखले. २ ऑगस्टला ते गॅलरीत लागले, २१ ऑगस्टला चोरीला गेले. मग खंडणीची पत्रे येऊ लागली. मागणी अशी, की तेवढेच पैसे गोरगरिबांच्या टीव्ही परवान्यासाठी द्या. दुसऱ्या वर्षी पहिल्या जेम्स बाँड चित्रपटात खलनायकाच्या घरात या चित्राची नक्कल टांगलेली दाखवली आणि नायक तिच्याकडे वळून पाहतो, एवढ्यावर प्रेक्षागृहे हसली. १९६५ मध्ये चित्र बर्मिंगहॅमच्या रेल्वे स्टेशनच्या क्लोक रूममध्ये सापडले. केम्प्टन बंटन हा निवृत्त बसचालक आपण होऊन पोलिसांत हजर झाला. चित्र कायमचे ठेवून घेण्याचा इरादाच नव्हता, हा बचाव ज्यूरीने मानला आणि त्याला फक्त चौकट चोरल्याबद्दल तीन महिने झाले, कारण चौकट परत आलीच नव्हती. पुढे १९६८ च्या चोरीविषयक कायद्यात, लोकांसाठी खुल्या ठेवलेल्या इमारतीतून वस्तू नुसती हलवणे हाही गुन्हा ठरला. प्रत्यक्ष चोरी बंटनच्या मुलाने केली होती, हे २०१२ मध्ये खुल्या झालेल्या कागदांतून बाहेर आले. हकीगत रंगतदार आहे, म्हणून तिला एक प्रकरण दिले. त्याहून जास्त जागा तिला देऊ नये असे माझे मत आहे. चित्रापेक्षा चौकटीची चर्चा जास्त, असे बरेच झाले.

शेवटचे प्रकरण वेलिंग्टनच्या राजकारणावर आहे. १८२८ मध्ये तो पंतप्रधान झाला. १८२९ मध्ये कॅथलिकांना राजकीय हक्क देणारा कायदा त्याने स्वतःच्या पक्षाचा विरोध पत्करून संमत करून घेतला, आणि १८३० मध्ये मताधिकाराच्या सुधारणेला असा काही हट्टी नकार दिला की सरकार गेले. लोकांनी ॲप्सली हाउसच्या खिडक्या फोडल्या. १८५२ मध्ये तो वारला तेव्हा त्याच लोकांनी लंडनचे रस्ते तुडुंब भरून टाकले. हे प्रकरण मुद्दाम आटोपते ठेवले आहे. कारभारी म्हणून तो सेनापतीइतका थोर नव्हता, आणि गोयाच्या चित्रात त्या वेलिंग्टनचा मागमूसही नाही.

चित्र रंगीत छापले आहे, आणि छातीचा भाग वेगळ्या पानावर मोठा करून दिला आहे. आधी तो पाहावा, मग मजकूर वाचावा. लंडनला जाणे झाले तर नॅशनल गॅलरीत प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि ॲप्सली हाउस तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

असईच्या दुसऱ्या बाजूची चित्रे मात्र या पुस्तकात नाहीत. शिंद्यांच्या त्या गोलंदाजांना कुणी आपल्यासमोर बसवून रंगवले नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर कागदांतूनच. भोकरदन, जाफराबाद, बाळापूर, अचलपूर या भागांतल्या ज्या जुन्या घरांत मोडीची बाडे, पगाराच्या याद्या, इनामाच्या सनदा अजून पेटीत पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत किंवा वाळवीच्या तोंडी जाऊ देऊ नयेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत नेऊन एकदा वाचून घ्याव्यात, एवढी विनंती.